टपाल तिकिटाच्या कोपऱ्यातील आकडा

१ ऑगस्ट १८५४ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीने आपले पहिले टपाल तिकीट काढले आणि त्यावर राणीचा मुखवटा न छापता तेथील नदीवर विहरणारा काळा हंस छापला. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १ ऑक्टोबर १८५४ रोजी, हिंदुस्थानात सर्व देशभर चालणारी तिकिटे प्रचारात आली. आपल्याकडे तेव्हा राज्य कंपनीचे होते, तरी तिकिटावर आली ती व्हिक्टोरिया राणी. त्याआधी १८४५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने चोचीत पत्र धरलेले पांढरे कबुतर आपल्या तिकिटावर उठावदार छापले होते. म्हणजे पाखरू तिकिटावर बसवण्याची कल्पना तिकिटांच्या जन्मापासूनचीच आहे. आपल्याकडे ते पाखरू येऊन बसायला मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

पक्ष्यांची तिकिटे जमवणारे बहुतेक लोक आधी पक्षी पाहतात. चोच, पिसांचे रंग, नाव बरोबर छापले आहे की नाही, हे सारे तपासतात. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि पोटापाण्याने सरकारी अधिकारी. त्यामुळे असेल, माझी नजर प्रथम कोपऱ्यातील किमतीच्या आकड्याकडे जाते. तिकीट म्हणजे शेवटी सेवेचे मूल्य आगाऊ भरल्याची पावती. कोणत्या किमतीच्या पावतीवर कोणते चित्र छापायचे, हे कुठल्या तरी फाइलवर कोणीतरी ठरवलेले असते. देशांतर्गत साध्या पत्राचा दर ज्या तिकिटावर असतो ते खेड्यापाड्यांतील पिशवीत जाते; परदेशी हवाई टपालाचा दर ज्यावर असतो ते महानगरांतील मोजक्या लिफाफ्यांवर आणि संग्राहकांच्या आल्बमात जाते. म्हणून आकड्यावरून तो पक्षी कोणाच्या हाती पडावा अशी अपेक्षा होती, याचा बऱ्यापैकी अदमास करता येतो. त्या दृष्टीने आपल्या पक्षितिकिटांचा इतिहास एकदा मांडून पाहावा, असे बरेच दिवस मनात होते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तिकिटांवर तिरंगा, अशोकस्तंभावरील सिंह आणि विमान होते. १९५४ मध्ये भारतीय तिकिटांची शताब्दी साजरी झाली, तेव्हा विमानाच्या जोडीला टपाल वाहणारे पाखरू दाखवले गेले, पण ते हवाई टपालाचे चिन्ह म्हणून. वन्यजीवनाकडे टपाल खात्याचे लक्ष वळले ते १९६२ च्या गेंड्यापासून. पुढच्याच वर्षी गवा, लाल पांडा, हत्ती, वाघ आणि सिंह अशी मालिका निघाली. पाचही सस्तन प्राणी. गंमत अशी की, त्याच १९६३ साली मोराला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला होता. त्या निवडीच्या वेळी सालिम अली यांचा कौल माळढोकाच्या बाजूने होता, असे सांगतात. माळढोक सर्वस्वी आपला, मोठा, आणि संरक्षणाची खरी निकड असलेला. पण त्याच्या इंग्रजी नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराची चूक झाली तर अनवस्था प्रसंग ओढवेल, या धास्तीने तो मागे पडला, अशी कथा सचिवालयांतून अजूनही रंगवून सांगितली जाते. कथेची खातरजमा करण्याच्या भानगडीत मी पडलेलो नाही. ज्याने टंकलिखित टिपणे तपासण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत, त्याला ती खरी वाटल्याशिवाय राहत नाही.

केवळ पक्ष्यांना वाहिलेली पहिली मालिका निघाली ३१ डिसेंबर १९६८ रोजी. वर्षाचा शेवटचा दिवस. वार्षिक कार्यक्रमातील एखादी बाब शिल्लक राहिली की ती अखेरच्या तारखेला कशी उरकली जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या तारखेचे नवल वाटणार नाही. चार तिकिटे होती: लाल चोचीची निळी मॅगपाय २० पैसे, हिमालयातील एक सुतार ५० पैसे, कोयत्यासारख्या वाकड्या चोचीचा सातभाईंच्या कुळातील एक पक्षी १ रुपया आणि पिवळ्या पाठीचा शिंजीर २ रुपये. त्या वेळी साध्या पत्राला २० पैसे पडत. म्हणजे चौघांपैकी मॅगपाय तेवढी जनतेच्या वाट्याला आली. दोन रुपयांच्या शिंजिराला दहा साध्या पत्रांचे मोल होते. मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या घरी त्याचे दर्शन घडण्याचा प्रश्नच नव्हता.

२८ एप्रिल १९७५ ची मालिका चित्रांच्या दृष्टीने अधिक देखणी आहे. तीत नवरंग २५ पैशांचा, काळ्या डोक्याचा हळद्या ५० पैशांचा, पश्चिम हिमालयातील ट्रॅगोपॅन १ रुपयाचा आणि मोनाल २ रुपयांचा. साध्या पत्राचा दर तोवर २५ पैसे झाला होता, म्हणून या खेपेस पत्राबरोबर गावोगाव गेला तो नवरंग. पावसाच्या तोंडावर कोकणात ज्याची शीळ ऐकू येते तोच हा. ज्या पक्ष्याला पुष्कळांनी ऐकलेले असते पण फार थोड्यांनी पाहिलेले असते, तो पंचवीस पैशांत घराघरांत पोहोचला, ही मला या साऱ्या इतिहासातील एक सुखद घटना वाटते. ती ठरवून झाली असेल असे मात्र वाटत नाही.

येथे एक भेद सांगायला हवा. अशी विशेष तिकिटे एकदाच छापतात, संपली की संपली. नित्याच्या वापराची तिकिटे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापली जातात, आणि त्यांतील बहुतेक नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातून येत. १९२५ पासून चालू असलेल्या या छापखान्याच्या आधी आपली तिकिटे लंडनहून बोटीने येत असत. सत्तरच्या दशकातील नित्याच्या मालिकेत ५० पैशांच्या तिकिटावर पंख पसरून तरंगणारा एक पक्षी होता. त्याचे नाव जाणणारे थोडेच असतील. तरीही विशेष मालिकांतील सारे पक्षी एकत्र केले तरी जितके लोक ते पाहतील, त्याहून अधिक लोकांनी या एकट्या निनावी पक्ष्याला जीभ लावून पाकिटावर चिकटवले असेल. संग्राहक त्याला आल्बमच्या मागच्या पानावर टाकतात. मी पुढे ठेवला आहे.

१९७६ च्या फेब्रुवारीत भरतपूरच्या केवलादेव घना पक्षी अभयारण्यावर २५ पैशांचे तिकीट निघाले. त्यावर चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचे. हे तळे मुळात भरतपूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव ठिकाण. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले. तेथे दगडी फलकांवर कोणत्या पाहुण्यासाठी किती बंदुका आणि किती पक्षी, याचा हिशेब कोरून ठेवला आहे. इतका चोख हिशेब ठेवणारी खाती फार नाहीत.

यानंतरची दोन तिकिटे म्हणजे माझ्या संग्रहातील सर्वांत बोलकी पाने.

पहिले १ नोव्हेंबर १९८० चे, माळढोकाचे. जयपूरला माळढोकवर्गीय पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, त्या निमित्ताने ते निघाले. त्याच्या आदल्या एकदोन वर्षांत एका अरब राजपुत्राचा ससाण्यांसह शिकारीचा लवाजमा जैसलमेरच्या वाळवंटात उतरला होता आणि त्याविरुद्ध राजस्थानात लोक रस्त्यावर आले होते. परिसंवादामागे ती पार्श्वभूमी होती. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित केले होते, तेही तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. तालुकेच्या तालुके, गावे, शेते, बाजारपेठा त्यात आल्या. जमिनीचे साधे हस्तांतरणही अडू लागले. अखेर ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. कागदावर मोठे क्षेत्र आखणे सोपे असते, कारण आखताना कोणी विरोधाला उभा राहत नाही. विरोध सातबारा काढायला गेल्यावर सुरू होतो. माळढोकाला हवी होती ती सलग, न नांगरलेली, न झाडे लावलेली माळराने, आणि महसुली दप्तरात माळरानाची नोंद ‘पडीक’ अशी. पडीक जमिनीवर वनीकरण करावे की उद्योग आणावे यावर दोन खात्यांत वाद होऊ शकतो. ती आहे तशीच राहू द्यावी, असे म्हणणारे खाते नसते.

त्या तिकिटाची किंमत २ रुपये ३० पैसे. देशांतर्गत पत्र तेव्हा तीस-पस्तीस पैशांत जाई. नान्नजच्या माळावर ज्यांच्या शेजारी हा पक्षी नांदत होता, त्या मेंढपाळांना किंवा शेतकऱ्यांना हे तिकीट दिसण्याचे कारण नव्हते. परिसंवादाला आलेल्या पाहुण्यांना आपल्या देशी पत्र पाठवायला ते उपयोगी पडले असेल. १९६९ च्या सुमारास देशभरात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज केला गेला होता. आज ही संख्या दीडशेच्याही खाली आहे आणि उरलेले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत. सौर आणि पवन ऊर्जेच्या वीजवाहिन्या हा तेथे त्यांचा मोठा शत्रू. जड शरीर आणि समोरचे नीट न दिसणारे डोळे यांमुळे ते तारांवर आदळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. स्वच्छ ऊर्जा आणि दुर्मीळ पक्षी हे दोघेही पर्यावरणाचेच पक्षकार. अशी फाइल ज्याच्या टेबलावर येते, त्याची मला सहानुभूती वाटते.

दुसरे तिकीट ७ फेब्रुवारी १९८३ चे, सायबेरियन क्रौंचाचे. निमित्त भरतपूर येथील आंतरराष्ट्रीय क्रौंच कार्यशाळा. किंमत २ रुपये ८५ पैसे. साधे पत्र ५० पैशांचे. चित्र पांढरेशुभ्र आणि प्रसन्न आहे. मात्र तारीख पाहिली की त्याच्यामागचे दुसरे चित्र दिसू लागते. केवलादेवला ऐंशीच्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात आसपासच्या गावांच्या म्हशी आत सोडण्यास मनाई झाली. पिढ्यान् पिढ्या तेथे गुरे चारणारे गावकरी जमले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी प्राणास मुकले. त्या घटनेला तीन महिने होत असताना त्याच गावी देशोदेशींचे क्रौंचतज्ज्ञ जमले आणि टपाल खात्याने त्यांचे स्वागत या तिकिटाने केले.

चराईबंदीला सालिम अली यांच्यासह अनेक जाणकारांचा पाठिंबा होता. तेव्हाचे शास्त्रीय मत तसेच होते, म्हणून निर्णय घेणाऱ्यांना एकतर्फी दोष देता येत नाही. परंतु बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्याच सुमारास तेथे दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता. त्याचे निष्कर्ष आले तेव्हा आढळले की, म्हशी पाण्यातील एक विशिष्ट गवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या. बंदीनंतर ते गवत माजले, तळ्यांचे पृष्ठभाग त्याने भरून गेले, आणि पाणपक्ष्यांना उतरायला, खाद्य शोधायला मोकळे पाणी कमी पडू लागले. ज्यांना बाहेर काढण्यासाठी गोळी चालवली गेली, त्यांची गुरे त्या तळ्याची देखभाल विनावेतन करत होती. पुढे गावकऱ्यांना आत जाऊन गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. आधी माणसे आणि गुरे बाहेर, मग तेच काम विळ्याने. प्रशासनाच्या प्रशिक्षण संस्थांतून शिकवाव्या अशा प्रकरणांची यादी मला करायला सांगितली, तर हे पहिल्या पाचांत असेल.

क्रौंच कमी झाले ते मात्र केवळ भरतपूरमुळे नव्हे. पश्चिम सायबेरियातून निघून अफगाणिस्तान, पाकिस्तानवरून येताना वाटेत त्यांची शिकार होई, आणि एका देशाने केलेला निश्चय पाच देशांच्या आकाशाला पुरत नाही. साठच्या दशकात दोनशेच्या आसपास येणारे हे पाहुणे घटत गेले आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी येऊन गेली. त्यानंतर त्यांनी भरतपूर पाहिलेले नाही.

त्याच १९८३ च्या सप्टेंबरात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीनिमित्त एक रुपयाचे धनेशाचे तिकीट निघाले. सोसायटीच्या बोधचिन्हातील हा धनेश कोणी काल्पनिक पक्षी नव्हे. १८९४ पासून १९२० पर्यंत तो मुंबईच्या अपोलो स्ट्रीटवरील फिप्सन या मद्यविक्रेत्यांच्या कचेरीत, जेथून सोसायटीचा कारभार चाले, फिप्सनसाहेबांच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात राहत होता. सव्वीस वर्षांची अखंड कार्यालयीन सेवा, बदली नाही, पदोन्नती नाही. हेवा वाटावा की कीव, ते ठरत नाही.

१९८८ च्या ऑक्टोबरातील जर्डनच्या धाविकेचे तिकीट हा या साऱ्या मालिकेतील एक आनंदाचा अपवाद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून नाहीशी झाली असे मानलेली ही निशाचर पक्षीण जानेवारी १९८६ मध्ये आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात पुन्हा सापडली, आणि अडीच-पावणेतीन वर्षांत ती तिकिटावर आली. फाइलच्या गतीचा विचार करता हा वेग वाखाणण्याजोगा. किंमत एक रुपया, साध्या पत्राच्या साठ पैशांपेक्षा अधिक असली तरी परदेशी टपालापेक्षा पुष्कळ खाली.

१९९२ च्या ३० डिसेंबरला (पुन्हा वर्षअखेर) शिकारी पक्ष्यांची चार तिकिटे निघाली: ऑस्प्रे २ रुपये, बहिरी ससाणा ६, दाढीवाले गिधाड ८ आणि सोनेरी गरुड ११ रुपये. साधे पत्र एका रुपयात जात होते. म्हणजे या मालिकेतील एकही पक्षी साध्या पत्रासाठी नव्हता. येथे अर्थशास्त्र स्पष्ट दिसू लागते. विकले गेलेले पण कधीच पत्रावर न चिकटलेले तिकीट म्हणजे न दिलेल्या सेवेचे घेतलेले पैसे. संग्राहक हा टपाल खात्याचा आदर्श ग्राहक. तो पैसे भरतो आणि पत्र मात्र पाठवत नाही.

आणि मग आली २३ नोव्हेंबर १९९४ ची पाणपक्ष्यांची मालिका. चार तिकिटे, एकाला एक जोडलेली: अंदमानी बदक १ रुपया, पूर्वेकडचा पांढरा करकोचा ६, काळ्या मानेचा क्रौंच ८ आणि गुलाबी डोक्याचे बदक ११ रुपये. चौघेही संकटग्रस्त. वापरलेले तिकीट पाकिटावरून सोडवण्यासाठी संग्राहक ते थोडा वेळ पाण्यात ठेवतात, म्हणजे डिंक सुटतो. हे तिकीट पाण्यात ठेवले की डिंकाच्या आधी शाईच सुटू लागे. लवकरच मालिका विक्रीतून मागे घेण्यात आली. पाणपक्ष्यांनाच पाणी सोसवेना, हा विनोद तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक तिकीट प्रदर्शनात ऐकू येतो.

विनोद बाजूला ठेवला तर यात एक जुनी प्रशासकीय गोष्ट दडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनचे छापखाने मुद्दाम पाण्याने विरघळणारी शाई वापरत. वापरलेल्या तिकिटावरील शिक्का धुऊन ते पुन्हा चिकटवण्याची लबाडी सर्रास चाले. धुतले की तिकिटाचाच रंग उडावा, ही त्यावरील तोड होती. १८८० च्या दशकातील ब्रिटनची जांभळी आणि हिरवी तिकिटे एवढी फिकट दिसतात ती याच कारणाने. महसुलाच्या रक्षणासाठी एकेकाळी जो गुण म्हणून योजला गेला, तोच शंभर वर्षांनी अजाणता दोष म्हणून पुढे आला. मागे घेण्याआधी जी तिकिटे विकली गेली, ती आता संग्राहक जपून, कोरडी ठेवतात. त्यांतील ११ रुपयांचे बदक तर आधीच नाहीसे झालेले. बिहारमधील दरभंग्याकडे १९३५ मध्ये दिसल्यानंतर रानात त्याची खात्रीची नोंद नाही. त्याची नक्कल तरी टिकायला हवी होती.

आता कोणी विचारील, की तिकिटे काढून पक्ष्यांचा काही उपयोग होतो का? अमेरिकेने १९३४ मध्ये त्याचे एक उत्तर दिले. त्या वर्षीच्या कायद्याने बदकांची शिकार करणाऱ्या प्रत्येक प्रौढ शिकाऱ्याला एक डॉलरचे बदक-तिकीट विकत घेणे सक्तीचे झाले. पहिल्या तिकिटाचे चित्र काढले होते व्यंगचित्रकार डार्लिंग यांनी, जे त्या वेळी संबंधित सरकारी विभागाचे प्रमुखही होते. हे तिकीट पत्राला चालत नाही. त्याचा पैसा वेगळ्या निधीत जातो आणि त्यातून पाणथळ जमिनी विकत घेतल्या किंवा राखल्या जातात. आजवर साठ लाख एकरांहून अधिक क्षेत्र त्यातून राखले गेले आहे. आमच्याकडे तिकिटाचा पैसा इतर टपाली उत्पन्नाबरोबर भारताच्या संचित निधीत जातो. माळढोकाच्या २ रुपये ३० पैशांतील एकही पैसा माळरानापर्यंत पोहोचण्याची वाट आखलेली नव्हती.

वित्त विभागातील माझे सहकारी यावर लगेच म्हणतील, की विशिष्ट खर्चासाठी विशिष्ट उत्पन्न बांधून ठेवणे ही वाईट वित्तीय शिस्त. तत्त्वतः मीही तसेच म्हणत आलो आहे. परंतु याच टपाल खात्याने नोव्हेंबर १९७१ पासून बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले होते. प्रारंभी तर कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटांवरच ‘निर्वासित साहाय्य’ अशा अर्थाची अक्षरे छापून काम भागवले. १९७३ च्या मार्चअखेर ते बंद झाले. माझ्या पिढीने ती तिकिटे वडीलधाऱ्यांच्या जुन्या पत्रांवरच पाहिली आहेत. तेव्हा जमले ते इतर कारणांसाठी अशक्य होते, असे म्हणण्यापेक्षा ते कोणी सुचवलेच नाही, असे म्हणणे सत्याला धरून होईल.

सालिम अली यांच्या जन्मशताब्दीचे तिकीट १२ नोव्हेंबर १९९६ रोजी निघाले, ८ आणि ११ रुपयांची जोडी. आयुष्यभर सामान्य माणसासाठी पक्ष्यांवर लिहिणाऱ्या या मुंबईकराला एक रुपयाचे पाकीट लाभले नाही.

साध्या पत्राच्या दराची पूर्ण मालिका पक्ष्यांना मिळायला ५ ऑक्टोबर २००६ उजाडले. गरुड ढोक, निलगिरीचा लाफिंग थ्रश, मणिपूरचा लावा आणि तणमोर, चौघेही प्रत्येकी पाच रुपयांचे, आणि पाच रुपये हाच साध्या पत्राचा दर. अडतीस वर्षांनी चारही पक्षी एका पंक्तीला बसले. तोवर लोकांनी पत्रे लिहिणे जवळजवळ सोडले होते.

यांतील गरुड ढोक, ज्याला आसाम-बंगालात हाडगिळा म्हणतात, तो एकेकाळी कलकत्त्याचा बिनपगारी सफाई कामगार होता. शहरातील कुजके मांस तो गिळून टाकी, म्हणून त्याला मारण्यास मनाई होती, आणि कलकत्ता महापालिकेच्या जुन्या मानचिन्हावर चोचीत साप धरलेले दोन हाडगिळे दिमाखाने उभे होते. गटारे बांधली गेली, कचऱ्याची व्यवस्था सुधारली, आणि त्याचा रोजगार गेला. आता तो मुख्यतः आसाम आणि बिहारमध्ये उरला आहे. आसामात पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावच्या स्त्रियांना संघटित करून त्याची घरटी असलेली झाडे वाचवली. त्यासाठी २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार त्यांना मिळाला.

मणिपूरच्या लाव्याची कथा तर आमच्या सेवेशी थेट निगडित आहे. त्याचा शोध लावला तो १८८१ मध्ये, अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. इटाव्याचे कलेक्टर, पुढे मिठाच्या जकातीसाठी उभारलेल्या अंतर्गत सीमेचे आयुक्त, मग महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव. वरिष्ठांना रुचेल असे न बोलण्याच्या सवयीमुळे १८७९ मध्ये ते सचिवपदावरून खाली आणले गेले. नोकरीच्या फिरतीत त्यांनी पक्ष्यांचा एवढा संग्रह केला की, सिमल्याच्या घरी त्यासाठी वेगळी इमारत लागली. भारतीय पक्ष्यांवरील मोठ्या ग्रंथाची हस्तलिखितेही तयार होत होती. एका हिवाळ्यानंतर ते परतले, तो घरच्या नोकराने ती सारी रद्दीत विकून टाकलेली. खचलेल्या ह्यूम यांनी १८८५ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक नमुने आणि अंडी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यात त्यांचा पुढाकार होता. भारत सरकारने १९७३ मध्ये त्यांचे तिकीट काढले ते काँग्रेसच्या संस्थापकाचे. त्यांनी जगापुढे आणलेला लावा २००६ मध्ये आला. १९३२ नंतर सात दशकांहून अधिक काळ त्याची खात्रीची नोंद नव्हती. माझ्या आल्बमात या दोन तिकिटांमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे; मी ती दोन्ही एका पानावर आणून लावली आहेत. कालानुक्रमाचा नियम तेवढ्या जागी मोडला आहे.

यानंतरचे फार सांगण्यासारखे नाही. ९ जुलै २०१० ला कबुतर आणि चिमणी पाच-पाच रुपयांना आली. त्याच वर्षीच्या मार्चपासून, नाशिकच्या एका संस्थेच्या पुढाकाराने, २० मार्च हा चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला होता. चिमणीवर तिकीट निघते म्हणजे ती अंगणातून गेली असे समजावे, असे माझ्या एका सेवानिवृत्त सहकाऱ्यांचे मत. कबुतरांच्या बाबतीत मात्र हा नियम लागू पडत नाही, हे मुंबई-दिल्लीच्या सज्जांवर जाळ्या बसवणाऱ्यांना विचारावे. २०१६ मध्ये तर मकाव, काकाकुवा अशा परदेशी पोपटांची रंगीबेरंगी मालिका निघाली. त्यांतील एकही आपल्या रानातला नाही. ते आपल्याकडे दिसतात ते पाळीव पक्ष्यांच्या दुकानात. मी ती घेतली आहे. संग्रह अपुरा राहू नये म्हणून घ्यावी लागली, आणि अर्थातच त्यांतील एकही तिकीट पाकिटावर लावलेले नाही.